मोझांबिकचे शल्य-तंत्रज्ञ

मोझांबिक हा देश आपल्याला वाटतो तितका परका नाही. १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्याहून चाले. पुढे, १८४२ साली गोव्यात स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयाचे कित्येक गोमंतकीय पदवीधर तेथील सरकारी आरोग्यसेवेत गेले. लिस्बनच्या पदवीधरांपुढे त्यांचा दर्जा मात्र कमी मानला जाई. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा.

२५ जून १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला आणि बहुतेक पोर्तुगीज डॉक्टर मायदेशी परतले. १९७७ मध्ये यादवी पेटली. ती शमण्यास १९९२ चा रोम येथील करार यावा लागला. संत एजिदियो समुदाय आणि बैराचे आर्चबिशप जायमे गोन्साल्व्हिस त्या करारातील मध्यस्थांपैकी होते. मधल्या काळात खेड्यातील बाई अडली, मूल आडवे आले, तर तिला शहरात न्यावे कसे? गर्भाशय फाटण्यास, रक्तस्रावाने जीव जाण्यास काही तास पुरतात. जुन्या दफनवह्या चाळणाऱ्याला आई आणि मूल यांच्या लागोपाठच्या नोंदी अनोळखी नाहीत.

१९८४ साली सरकारने अनुभवी परिचारक व वैद्यकीय साहाय्यक निवडून त्यांना शस्त्रक्रिया शिकविण्यास आरंभ केला. दोन वर्षे मापुतोच्या मध्यवर्ती रुग्णालयात, एक वर्ष प्रांतिक रुग्णालयात. पदवी डॉक्टरची नव्हे, पण सिझेरियन त्यांच्या हाती सोपविले गेले.

शंका येणे स्वाभाविक होते. म्हणून त्याच मापुतोच्या रुग्णालयातील २,०७१ सिझेरियन शस्त्रक्रिया तपासण्यात आल्या: ९५८ तंत्रज्ञांनी केलेल्या, १,११३ तज्ज्ञ डॉक्टरांनी. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. माता-बालकांच्या जिवाच्या दृष्टीने लक्षणीय फरक आढळला नाही. तंत्रज्ञांच्या हातची जखम वरवर उसवण्याचे प्रमाण तेवढे किंचित अधिक होते. अहवालाने तेही लपविले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

२००२ साली जिल्हा रुग्णालयांतील प्रसूतीच्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी ९२ टक्के याच मंडळींनी केल्या. याहून बोलका आकडा दुसराच आहे. नेमणुकीनंतर सात वर्षांनी ८८ टक्के तंत्रज्ञ जिल्हा रुग्णालयांतच टिकून होते. त्याच रुग्णालयांत नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता.

तरीही अपुरे वेतन आणि बढतीचा अभाव ही त्यांची तक्रार राहिली. त्यांच्यासाठी पदवी अभ्यासक्रम निघाला तो २००४ साली. पहिली तुकडी शस्त्रक्रियागृहात उभी राहून तोवर सतरा वर्षे लोटली होती.