‘कुशल’ कोणास म्हणावें?

माणूस आपलें गांव सोडून कां जातो, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनीं पुष्कळ वेळां विचारला आहे; आणि दुष्काळ, कर्ज, भाऊबंदकी, महत्त्वाकांक्षा अशीं त्याचीं उत्तरेंहि ठरून गेलीं आहेत. परंतु ज्या देशीं तो जातो त्या देशानें त्याला काय म्हणून आंत घेतलें, कोणत्या शब्दानें त्याची नोंद केली, हा दुसरा प्रश्न त्या मानानें उपेक्षित राहिला. आज सांगलीच्या विश्रामबागेंतील किंवा साताऱ्याच्या एखाद्या पेठेंतील तरुण कॅनडा अथवा ऑस्ट्रेलिया या देशांत कायम वास्तव्याची परवानगी मागतो, तेव्हां अर्जावर त्याची ओळख ‘कुशल कामगार’ अशी असते. हे दोन शब्द साधे दिसतात. तथापि ते कोणी व कोणत्या हेतूनें घडविले हें पाहूं गेल्यास त्यांत शंभर वर्षांचा इतिहास सांठलेला आढळतो. तो वाचकांपुढें मांडण्यासाठीं सातारा-सांगलीचा मुलूख आम्हीं मुद्दाम निवडला आहे. कारण कागद असलेलें कौशल्य आणि कागद नसलेलें कौशल्य, हीं दोन्ही तेथें शेजारीं शेजारीं नांदतात.

हे दोन जिल्हे मूळचे एकच. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर ता. १ ऑगस्ट १९४९ रोजीं ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा निराळा झाला व १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. पश्चिमेस महाबळेश्वरीं वर्षाला दोनशें इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, तर पूर्वेस माण व आटपाडीकडे तो वीस इंचांच्या आसपास घुटमळतो, आणि तोहि वेळेवर येईल याची शाश्वति नाहीं. कृष्णाकांठचा ऊंस व माणदेशचें कुसळ हीं एकाच मुलखाचीं दोन रूपें होत. पूर्वभागांतील माणसाला घर सोडण्यासाठीं निराळें कारण शोधावें लागलें नाहीं. तें त्याच्या शिवारांतच होतें.

या कोरड्या भागांतून, विशेषतः विटें आणि त्याच्या भोंवतालच्या गांवांतून, गेल्या शतकांत एक धंदा देशभर पसरला. त्याला गलाई म्हणतात. जुने दागिने वितळवून त्यांतील सोनें शुद्ध करणें, हिणकस चांदी गाळून चोख करणें, सोनाराच्या दुकानांतील केरांतूनहि धातूचे कण वेंचून काढणें, हें गलाई कारागिराचें काम. हिणकस सोन्यांत सुमारें तिप्पट चांदी मिसळून तो रस पाण्यांत ओततात; त्याचे जे कण होतात ते नत्राम्लांत उकळले म्हणजे चांदी व तांबें विरघळून जातें आणि सोनें तळाशीं उरतें. लालसर धूर यावयाचा थांबला कीं विरघळण्याचें काम संपलें, हें डोळ्यांनीं ओळखावयाचें. पुढें त्या द्रवांत तांब्याच्या पट्ट्या सोडून चांदीहि परत मिळवितात. मुशीचा ताव, आम्लाची तीव्रता आणि कसोटीवरची रेघ यांचें हें ज्ञान पुस्तकांत वाचून कोणी भट्टीवर बसला नाहीं. मुलगा मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानीं जाई, दोन-चार वर्षें धूर खाई, आणि मग आपण स्वतः निराळ्या शहरीं भट्टी पेटवी. पंजाबापासून केरळापर्यंत आणि गुजरातेपासून बंगालपर्यंत सराफ-बाजारांच्या आडगल्ल्यांत खानापूर तालुक्याचीं माणसें अशा रीतीनें पोंचलीं, तेथील भाषा शिकलीं आणि दुसऱ्याचें सोनें विश्वासानें सांभाळूं लागलीं. स्वतंत्र भारताच्या घटनेनें १९५० सालीं देशांत कोठेंहि जाण्याचा व राहण्याचा हक्क नागरिकांना दिला. त्यामुळें विट्याच्या माणसाला तामिळनाडूंत भट्टी घालतांना आपण कुशल आहों असा अर्ज करावा लागला नाहीं. त्याची परीक्षा सराफ घेई, आणि ती रोजच्या रोज होई.

देशाच्या सीमेपलीकडे मात्र ही परीक्षा सरकारांच्या हातीं गेली. गिरमिटाखालीं मजूर पाठविण्याची पद्धत १८३४ सालीं मॉरिशसपासून पसरली. कोंकणांतील अनेक मराठी कुटुंबें त्या बेटावर गेलीं तीं याच काळांत. १९१७ सालीं ती पद्धत थांबविण्यांत आली, आणि पुढें १९२२ सालीं हिंदुस्थान सरकारनें स्थलांतराचा नवा कायदा केला. ‘कुशल काम’ आणि ‘अकुशल काम’ यांची त्या कायद्यांतील वांटणी आज वाचली म्हणजे नवल वाटतें. कारागीर, कारकून, दुकानांतील नोकर, खेळ-तमाशांत काम करणारा, उपाहारगृहांत किंवा चहाच्या दुकानांत वाढणारा आणि घरगडी हे सर्व तेथें कुशल ठरले. शेती मात्र स्पष्ट शब्दांनीं अकुशल कामांत घातली गेली. कृष्णाकांठीं पिढ्यान् पिढ्या बी, बैल आणि जमीन ओळखणारा कुणबी अकुशल, आणि चहाचा पेला पुढें ठेवणारा पोऱ्या कुशल, असा हा न्याय! त्या पोऱ्याच्या कामाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं कायद्यानें येथें कोणाच्या हाताचें कौशल्य मोजलें नव्हतें. मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांची जी लूट झाली होती ती आवरावयाची होती, आणि तेवढ्यासाठीं त्यानें माणसांच्या दोन राशी केल्या. कुशल माणसाच्या बाबतींतहि परवानगीचा अर्ज त्याला नेणाऱ्यानें करावयाचा असे. जाणारा स्वतः अर्जदार नव्हताच. हा कायदा १९८३ पर्यंत अंमलांत राहिला.

त्याच १९२२ सालीं याच मुलखांतून एक तरुण अमेरिकेस गेला, आणि त्याच्या उदाहरणावरून सीमेच्या दुसऱ्या बाजूची रीत कळते. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. त्यांचे चिरंजीव शंतनुराव मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणाच्या विख्यात संस्थेंत यंत्रशास्त्र शिकण्यासाठीं गेले आणि १९२६ मध्यें पदवी घेऊन परत आले. ते तेथें शिकत असतांनाच, फेब्रुवारी १९२३ मध्यें, भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हिंदी मनुष्य गोरा नसल्यामुळें त्याला नागरिक होतां येणार नाहीं असा निकाल दिला. थिंड हे त्या देशाच्या सैन्यांत राहिलेले होते. त्याचाहि उपयोग झाला नाहीं. पुढच्याच वर्षीं, नागरिक होण्यास अपात्र असलेल्यांनीं वस्तीसाठीं येऊंच नये, असा कायदा तेथें झाला. शंतनुरावांना किर्लोस्करवाडीस परत यावयाचेंच होतें व पुढें त्यांनीं येथें काय उभारलें हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु समजा त्यांच्या वर्गांतील एखाद्या हिंदी विद्यार्थ्याला तेथेंच कायम राहावेंसें वाटलें असतें, तर जगांतील उत्तम तंत्रसंस्थेची पदवीहि त्याच्या उपयोगीं पडली नसती. त्या काळीं कौशल्याचा प्रश्न दारापर्यंत पोंचतच नसे. वर्ण पाहूनच दार लागे.

तें दार सावकाश उघडलें. १९४६ सालीं अमेरिकेनें हिंदी लोकांस वर्षाला शंभर जागा दिल्या. १९५१ सालीं कॅनडानें दीडशें दिल्या. कोट्यवधि लोकसंख्या असलेल्या देशाला ही भिक्षाच होती. खरा पालट सातव्या दशकांत झाला. कॅनडानें १९६२ च्या नियमांनीं वंशभेद बहुतांशीं दूर केला, अमेरिकेनें १९६५ च्या कायद्यानें देशवार जुने कोटे मोडून तज्ज्ञ व्यावसायिकांना स्वतंत्र पसंतीक्रम दिला, आणि ता. १ ऑक्टोबर १९६७ पासून कॅनडानें गुणांची पद्धत सुरू केली. शंभरांपैकीं पन्नास गुण मिळाले म्हणजे अर्जदार उत्तीर्ण. शिक्षणाला वीसपर्यंत गुण, वयाला दहापर्यंत, पस्तिशीनंतर दर वर्षाला एक गुण कमी. शिवाय भाषा, धंद्याची मागणी, ओळखीचा नातेवाईक असे आणखी रकाने. माणसाची किंमत आंकड्यांत लिहिणें हें कोणास अमानुष वाटेल. तथापि ज्यांना पूर्वी कातडीच्या रंगावरून परत फिरविलें जाई, त्यांच्या दृष्टीनें ही केवढी मोठी सुधारणा होती हें विसरूं नये. आंकड्याविरुद्ध निदान वाद तरी घालतां येतो.

आतां प्रश्न असा कीं हे गुण मिळविणारीं माणसें या मुलखांत तयार कशीं झालीं? भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळच्या काले गांवीं रयत शिक्षण संस्था काढली. त्याच वर्षीं सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय निघालें. १९४७ सालीं सांगलीस अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालें, तेंच पुढें वालचंद महाविद्यालय झालें. कऱ्हाडचें शासकीय महाविद्यालय १९६० चें. नंतर १९८३ सालीं सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असतांना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, आणि साखर कारखान्यांच्या छायेंत नवीं महाविद्यालयें उभीं राहिलीं. म्हणजे ज्या पदवीला परदेशीं गुण मिळतात, त्या पदवीमागें वसतिगृहांतल्या पोरांचे श्रम आहेत, सरकारी अनुदान आहे, आणि फी भरण्यासाठीं विकलेला ऊंसहि आहे. योगायोग असा कीं त्याच १९८३ सालीं स्थलांतराचा जुना कायदाहि बदलला, आणि नव्या व्यवस्थेंत पुढें मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होणें हेंच बाहेर जाण्याच्या तपासणींतून सुटण्याचें एक मोठें साधन ठरलें. कारागिरीच्या जागीं दाखला आला तो असा.

आजच्या अर्जदाराचें भेंडोळें उघडून पाहावें. कॅनडाची २०१५ पासूनची पद्धत बाराशें गुणांची आहे. वयाला एकट्या अर्जदारास अधिकांत अधिक एकशें दहा गुण, ते विसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्यापर्यंत, आणि पंचेचाळिसाव्या वर्षीं शून्य. आणि आमच्याकडील जन्मतारीख म्हणजे काय? जुन्या पिढींतील असंख्य माणसांचा जन्म शाळेच्या दप्तरीं एक जूनलाच झालेला आहे. कारण मुलास शाळेंत घालतांना हेडमास्तरांना तीच तारीख सोयीची असे. ज्या समाजांत वय पावसाळ्यांवरून मोजलें जाई, त्याच्या लेकरांचे गुण आतां एका तारखेवर कमी-अधिक होतात. पुढें पदवीची तुल्यता, इंग्रजीची परीक्षा, आणि मालकाचें पत्र. त्या पत्रांत कामाचें स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार नमूद असावा लागतो. शेवटीं निर्वाहापुरती रक्कम दाखवावी लागते. ती उसनी चालत नाहीं, आणि जमीन किंवा घर यांची किंमत तींत धरीत नाहींत. तासगांवची द्राक्षबाग चार पिढ्यांचें पोट भरीत असेल, परंतु या हिशेबीं ती शून्य होय.

या भेंडोळ्यापुढें गलाई कारागिराला उभें करून पाहा. त्याचा मालक म्हणजे मामा. तास म्हणजे भट्टी थंड होईपर्यंत. पगार म्हणजे दिवाळीला जें हातीं पडेल तें. धातुशास्त्राचा पदवीधर जें प्रयोगशाळेंत शिकतो त्यांतील एक अंग त्याला तोंडपाठ आहे, पण तें त्याला रकान्यांत लिहितां येत नाहीं. १९२२ च्या कायद्यानें त्याला कारागीर म्हणून सहज कुशल म्हटलें असतें. शंभर वर्षांत त्याच्या हातांतील कसब तिळभरहि कमी झालें नाहीं. बदलली ती मोजपट्टी.

प्रत्येक राष्ट्राला आपल्या दारीं कोणास घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार आहे, आणि अनोळखी माणसाची परीक्षा कागदावांचून कशी घ्यावी हा त्यांच्यापुढचा प्रश्नहि खरा आहे. म्हणून त्या राष्ट्रांस दोष देण्यांत आम्हांस अर्थ दिसत नाहीं. परंतु त्यांची मोजपट्टी आपण आपल्या घरांतहि वापरूं लागलों आहों, हें मात्र चिंतेचें आहे. ज्याला परदेशानें कुशल म्हटलें तो हुशार, आणि जो विट्याहून कोइंबतुराला गेला तो शिक्षणांत मागें पडलेला, अशी भाषा सुशिक्षित घरांतून ऐकूं येते. अर्ज मंजूर झालेल्या तरुणाचें कौतुक अवश्य करावें. पण त्याचें कौशल्य घडविणारी शाळा, कारखाना व शिवार हीं मागें येथेंच राहतात, आणि त्यांचे वृद्ध आईबापहि बहुधा येथेंच राहतात. गलाईचा माणूस दूर राहूनहि विट्याला घर बांधतो व गांवच्या जत्रेला येतो. कायम वास्तव्याचा दाखला घेणाऱ्याला मात्र त्या देशांत किती दिवस काढले याचा हिशेब द्यावा लागतो.

यावर एक उपाय आपल्या हातीं आहे. शिकण्याची शाळा न पाहतां आधीं आलेलें कसब तपासून दाखला देण्याची सरकारी योजना आपल्या देशांत २०१५ पासून आहे. गलाईच्या धंद्यांतील जाणत्यांनींच परीक्षक व्हावें, सांगली-कऱ्हाडच्या महाविद्यालयांनीं त्यांस धातुशास्त्राची जोड द्यावी, आणि मुशीच्या तावापासून आम्लाच्या विषारी धुरापासून बचावण्यापर्यंत सर्व कृति मराठींत लिहून काढावी. त्यानें कॅनडाचे गुण वाढतील कीं नाहीं हा पुढचा प्रश्न. परंतु हें ज्ञान ज्यांच्या बोटांत आहे ते वृद्ध कारागीर आज गांवीं परतत आहेत, शुद्धीकरणाचीं नवीं यंत्रें शहरोशहरीं येत आहेत, आणि लिहून घेण्यास फार वर्षें उरलेलीं नाहींत.