पेरूच्या बागेतील पाच खून आणि फाशीच्या छायेतील सहा भटके

नांदेड-लातूरकडे रात्री वस्तीवर दरोडा पडला की पोलिसांची गाडी पहिल्यांदा कुठे जाते, हे आम्हाला कुणी सांगायला नको. ती पालावर जाते. लातूर तालुक्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' लिहिले, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला, सगळ्या महाराष्ट्राने ते वाचले. पण गाडीचा रस्ता काही बदलला नाही. या सवयीने सहा माणसांना फासाच्या दारापर्यंत नेले. ती गोष्ट आपल्या तरुणांना माहीत असली पाहिजे.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ पेरूच्या बागेत झोपडीत राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर दरोडेखोर तुटून पडले. पैसे, दागिने लुटले. बाईवर आणि कोवळ्या मुलीवर बलात्कार केला. पाच जण मेले. वाचले ते आई आणि तिचा एक मुलगा. गुन्हा अत्यंत क्रूर होता, त्यात दुमत नाही. मेलेली माणसेही कष्टकरीच होती, हे आम्ही विसरत नाही.

पोलिसांनी पकडले ते भटक्या जमातीचे सहा मजूर, आपल्या मराठवाड्यातल्या भोकरदनकडचे. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. दोनच आठवड्यांत, १३ मे रोजी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने बरियार खटल्यात सांगितले की ज्या जुन्या निकालावर विसंबून अशा फाशी दिल्या गेल्या, तो निकालच चुकीचा होता. गुन्हा बघायचा आणि गुन्हेगाराची परिस्थिती बघायचीच नाही, हे कायद्यात बसत नाही. नाशिकचा निकालही अशा निकालांपैकीच एक होता. तरी माणसे फाशी यार्डातच! सहापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे ठरायला २०१२ उजाडले.

मग ५ मार्च २०१९ ला न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शाह यांच्या खंडपीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. कारण काय? वाचलेल्या आईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधून चार जणांचे फोटो ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हतेच. त्यांचा तपास झाला नाही आणि ही गोष्ट दाबून ठेवली गेली. आरोपी भटक्या जमातीचे, अतिशय गरीब मजूर आहेत, त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयानेच लिहिले. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई आणि दोषी पोलिसांवर कारवाई करा, असा आदेश दिला. सोळा वर्षांचे पाच लाख! महिन्याला किती पडतात, हिशेब करून बघा.

पालाकडे वळणारी ही गाडी इंग्रजांनी १८७१ मध्ये सोडली. गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. मनूने जे जातीने केले, तेच इंग्रजाने पोलीस ठाण्यातल्या हजेरीने केले. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कायद्यातून पुसला गेला, पण त्याची जागा सराईत गुन्हेगार कायद्यांनी घेतली. ठाण्यातला अल्बम कुणाच्या फोटोंनी भरतो, ते वेगळे सांगायला नको. (आणि गंमत बघा, या खटल्यात अल्बममधला फोटोही नको होता, फक्त जमात हवी होती.) दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा २०१६ चा अहवाल सांगतो की फाशीच्या कैद्यांत ७६ टक्के मागासवर्गीय आणि धार्मिक अल्पसंख्याक आहेत.

इथे आम्हाला स्वतःलाही प्रश्न विचारावा लागतो. खैरलांजीनंतर 'फाशी द्या' म्हणत आम्हीच रस्त्यावर होतो. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, तेव्हा आमचा संताप झाला. तो संताप खोटा नव्हता. पण ३ जून १९४९ ला घटना समितीत फाशीविरुद्धच्या अपिलाची चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी सांगितले होते की त्यापेक्षा फाशीच रद्द करण्याच्या बाजूने आपण आहोत. आम्ही मोर्चात हे कधी वाचून दाखवले नाही. आपल्यातले काही मित्र म्हणतील, अत्याचार करणाऱ्याला मग सोडायचे का? सोडायचे नाही. ॲट्रॉसिटीचा तपास, साक्षीदारांचे संरक्षण, निकाल वेळेत, यासाठीच भांडायचे. दोर मात्र ज्या हातात आहे, तो हात पालाचा रस्ता चांगला ओळखतो.

आणि पेरूच्या बागेतले ते कुटुंब? आईने ज्या चार फोटोंवर बोट ठेवले, त्यांच्याविषयी सोळा वर्षे कुणी तिला विचारले नाही.