सायकलचे दिवे

सायकलचे दिवे म्हणजे अंधारात, संधिप्रकाशात, धुक्यात किंवा पावसात सायकल चालवताना पुढचा रस्ता दिसावा आणि इतर वाहनचालकांना सायकल दिसावी, यासाठी तिच्यावर बसवलेली प्रकाशसाधने होत. पुढे पांढरा आणि मागे तांबडा दिवा ही पद्धत जगभर रूढ आहे. बोलीभाषेत सायकलच्या दिव्याला ‘बत्ती’ असेही म्हणतात. दिव्यांच्या जोडीला परावर्तक, म्हणजेच रिफ्लेक्टर, वापरले जातात. परंतु ते दिव्याची जागा घेऊ शकत नाहीत.

कार्य

सायकलच्या दोन दिव्यांची कामे भिन्न आहेत. पुढच्या दिव्याने सायकलस्वाराला रस्ता दिसतो आणि समोरून येणाऱ्यालाही सायकलचे अस्तित्व कळते. मागचा दिवा सायकलस्वाराला काहीही दाखवत नाही. तो केवळ मागून येणाऱ्यासाठी असतो. त्यामुळेच त्याच्याकडे अधिक दुर्लक्ष होते. तो बंद पडला तरी सायकलस्वाराच्या लक्षात येत नाही.

मागच्या दिव्याचे महत्त्व साध्या गणिताने स्पष्ट होते. ताशी ८० किमी वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात ती ३३ मीटर पुढे येते आणि पूर्ण थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही एकूण सुमारे ७५ मीटर लागतात. हेडलाइट डिपरवर असताना चालकाला साधारण ४० ते ५० मीटरपर्यंतचाच रस्ता नीट दिसतो. याचा अर्थ असा, की बिनदिव्याची सायकल त्याच्या दृष्टीस पडते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. पेटलेला तांबडा दिवा मात्र सरळ रस्त्यावर शेकडो मीटरवरून दिसू शकतो.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायकलींवर तेलाचे दिवे टांगले जात. त्यांचा प्रकाश मंद असे आणि धक्क्याने किंवा वाऱ्याने ते विझत. १८९०च्या दशकात कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्यावर कार्बाइडचे दिवे प्रचारात आले. या दिव्यात वरच्या कप्प्यातील पाणी थेंबाथेंबाने कार्बाइडवर पडते व त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू तेजस्वी पांढऱ्या ज्योतीने जळतो.

विजेच्या दिव्यांच्या इतिहासात जपानी उद्योजक कोनोसुके मात्सुशिता यांचे नाव महत्त्वाचे आहे. त्यांनी १९२३ साली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा बॅटरीवर चालणारा सायकलचा दिवा बाजारात आणला. आधीचे बॅटरीचे दिवे दोन-तीन तासांत विझत. हा दिवा ३० ते ४० तास चाले. याच सुमारास युरोपात टायरच्या बाजूवर घासून फिरणारा, बाटलीच्या आकाराचा डायनॅमो रूढ होत गेला. १९३०च्या दशकात इंग्लंडमधील स्टर्मी-आर्चर कंपनीने चाकाच्या तुंब्यातच बसवलेला डायनॅमो आणला.

भारतात आधी इंग्लंडहून आलेल्या आणि पुढे देशातच बनू लागलेल्या काळ्या, उंच सायकलींवर या परंपरेच्या खुणा आजही दिसतात. हँडलच्या खाली समोर असलेली लोखंडी पट्टी दिवा अडकवण्यासाठी असते. मागच्या मडगार्डच्या टोकावरील पांढरा पट्टा हा १९३०च्या दशकात ब्रिटनमधील नियमामुळे रूढ झाला. रात्री सायकल दुरून ओळखता यावी, हा त्याचा हेतू होता. महाराष्ट्रातील शहरांत एके काळी नगरपालिका सायकलीवर कर घेऊन बिल्ला देत आणि रात्री बिनदिव्याची सायकल चालवणाऱ्यास पोलीस अडवून दंड करीत. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यातील जुन्या पिढीच्या आठवणींत हा प्रसंग हमखास येतो.

निळा प्रकाश देणारा तेजस्वी एलईडी १९९०च्या दशकाच्या प्रारंभी जपानमध्ये तयार झाला आणि त्यातून पांढरा एलईडी शक्य झाला. या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तारेच्या बल्बपेक्षा कितीतरी कमी वीज घेणाऱ्या एलईडीमुळे सायकलचा दिवा लहान, टिकाऊ व स्वस्त झाला.

कायदा आणि मानके

भारतात साधी सायकल ही मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मोटार वाहन ठरत नाही. त्यामुळे मोटारींना लागू असलेले दिव्यांचे नियम तिला लागू होत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीच्या व ताशी २५ किमीपेक्षा कमी वेगाच्या विजेवरील सायकलीला मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळताना पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तक असावा, अशी अट आहे. २०२० साली केंद्र सरकारने सायकलीवरील परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. या दोन्ही तरतुदींचा भर परावर्तकांवर आहे.

ब्रिटनमध्ये रात्री पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा दिवा व तांबडा परावर्तक अनिवार्य आहेत. जर्मनीत झोताच्या आकाराविषयीही नियम आहेत. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून झोताची वरची कड कापलेली असावी लागते आणि लुकलुकणारे दिवे सायकलीवर चालत नाहीत. सायकलचे दिवे व परावर्तक यांसाठी आयएसओ ६७४२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

पुढच्या दिव्याची निवड

दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश लुमेनमध्ये, तर एखाद्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजतात. वेष्टनावर बहुधा लुमेनचाच आकडा मोठ्या अक्षरांत असतो. परंतु प्रकाश किती आहे याइतकेच तो कोठे पडतो हेही महत्त्वाचे असते. विस्कळीत झोताचा मोठा दिवा झाडांचे शेंडे उजळतो आणि खड्डा अंधारातच राहतो. एकाच झोतातील प्रकाश दुप्पट अंतरावर एक चतुर्थांश होतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

दिवा रस्ता पाहून निवडावा. साधारण प्रमाण पुढीलप्रमाणे मानले जाते :

• पथदिवे असलेला शहरी रस्ता : ५० ते १०० लुमेन. येथे मुख्य हेतू इतरांना दिसण्याचा असतो.
• पथदिवे नसलेला डांबरी रस्ता : २०० ते ४०० लुमेन, झोत शक्यतो वरून कापलेला.
• खडबडीत रस्ता, गाडीवाट किंवा शेतरस्ता : ४०० लुमेन किंवा अधिक, झोत रुंद.

ताशी १५ किमी वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला अडथळा पाहून थांबण्यास सुमारे ९ मीटर, तर ताशी २० किमी वेगाला सुमारे १३ ते १४ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर हे अंतर वाढते. जेवढ्या अंतरात थांबता येते, निदान तेवढा रस्ता दिव्याने स्पष्ट दिसला पाहिजे. तसा दिसत नसेल तर वेग कमी करणे हाच उपाय उरतो.

लुमेनच्या दाव्यांची पारख करता येते. चांगला पांढरा एलईडी एका वॉटमागे साधारण १०० ते १५० लुमेन देतो. म्हणून ५ वॉटच्या दिव्यावर १०,००० लुमेन छापलेले असेल तर ते खरे असू शकत नाही.

मागच्या दिव्याची निवड

मागच्या दिव्याला फार शक्ती लागत नाही. तो तांबडाच असावा, थोड्या तिरक्या कोनातूनही दिसावा आणि झाकला जाऊ नये. सीटखालच्या दांड्यावर बसवलेला दिवा कॅरिअरवरील दप्तर, दुधाची कॅन किंवा कडब्याची पेंढी यांमुळे सहज झाकला जातो. लांब कुर्ता, ओढणी किंवा रेनकोटही त्याच्यावर येतो. ओझे वाहणाऱ्या सायकलीवर तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला किंवा मडगार्डवर बसवणे योग्य ठरते.

लुकलुकणारा दिवा चटकन लक्ष वेधतो. परंतु पूर्ण अंधारात केवळ त्याच्यावरून सायकलचे अंतर व वेग यांचा अंदाज करणे अवघड जाते. त्यामुळे पथदिवे नसलेल्या रस्त्यावर स्थिर दिवा अधिक उपयुक्त असतो. पुढे तांबडा किंवा मागे पांढरा दिवा लावू नये. रंगांवरूनच चालक वाहनाची दिशा ओळखतात. रंग उलटे असल्यास जाणारी सायकल येणारी वाटते.

परावर्तक

परावर्तक आपल्यावर पडलेला प्रकाश जेथून आला त्याच दिशेला परत पाठवतो. त्याला वीज लागत नाही व तो बिघडत नाही. मात्र दुसऱ्याच्या वाहनाचा प्रकाश त्याच्यावर पडला तरच तो चमकतो. आडव्या रस्त्याने येणारा मोटारस्वार, दिवा नसलेली बैलगाडी किंवा पादचारी यांना तो सावध करू शकत नाही. पॅडलवरील पिवळे परावर्तक वरखाली हलतात, त्यामुळे पुढचे वाहन सायकल आहे हे लगेच ओळखू येते. चिखल किंवा धूळ बसलेला परावर्तक निरुपयोगी होतो.

वीजपुरवठा

बाटलीच्या आकाराचा नेहमीचा डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॉट क्षमतेचा असतो. त्याला चार्जिंग लागत नाही. परंतु वेग मंदावला की प्रकाश मंदावतो व सायकल थांबली की दिवा विझतो. टायर ओले झाल्यास तो घसरतो. तुंब्यातील डायनॅमो या दोषापासून मुक्त असतो, पण महाग असतो. त्याच्यासोबत मिळणाऱ्या काही दिव्यांत थोडी वीज साठवलेली असते, त्यामुळे थांबल्यानंतरही दिवा काही मिनिटे तेवतो.

चार्जिंगच्या दिव्यात बहुधा लिथियम-आयन सेल असतो. ३.७ व्होल्ट व २,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या सेलमध्ये ७.४ वॉट-तास ऊर्जा असते. म्हणजे ३ वॉटचा दिवा पूर्ण तेजाने सुमारे अडीच तास चालतो. १८६५० या प्रचलित आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३,५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत असते. त्याच आकाराच्या सेलवर ९,९०० लिहिलेले असेल तर तो दावा खोटा समजावा. पावसासाठी निदान आयपीएक्स ४ दर्जाचा, म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे पाणी सोसणारा दिवा घ्यावा.

ग्रामीण भागातील वापर : परभणी जिल्हा

सायकलच्या दिव्यांविषयीचे बहुतेक लेखन शहरी स्वार डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यासारख्या भागातील गरजा वेगळ्या आहेत. पाथरी, मानवत व परभणी या गावांवरून राष्ट्रीय महामार्ग ६१ जातो. गावाच्या वेशीबाहेर बहुतेक रस्त्यांवर पथदिवे नसतात आणि त्याच रस्त्यांवर मालमोटारींबरोबर सायकली व बैलगाड्याही चालतात. हिवाळ्यात साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या रात्री रस्त्यावर असतात. लोंबत्या उसामुळे ट्रॉलीचे मागचे दिवे झाकले जातात, तर बैलगाडीला बहुधा दिवा नसतोच. अशा वेळी सायकलस्वाराला स्वतःचा पुढचा दिवाच त्यांची जाणीव करून देतो. कृषिपंपांना वीज पाळीपाळीने मिळते. रात्रपाळी असेल तेव्हा शेतकऱ्याला पाणी देण्यासाठी अंधारात शेत गाठावे लागते. काळ्या मातीच्या वाटेवरील चाकोऱ्या, दगड व साप दिसण्यासाठी येथे रुंद झोताचा दिवा लागतो.

शाळकरी मुलांचा प्रश्न यापेक्षा निराळा आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य दिले जाते. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या मुलींसाठी ही योजना आहे. परभणी येथे डिसेंबरच्या प्रारंभी सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत अंधार पडतो. पाच किलोमीटर अंतराला ताशी १२ किमी वेगाने २५ मिनिटे लागतात. साडेपाचला निघालेली विद्यार्थिनी संधिप्रकाशातच घरी पोहोचते. जादा तास किंवा शिकवणी असल्यास संपूर्ण वाट अंधारात कापावी लागते. त्यामुळे सायकलीच्या खर्चाचा हिशेब करताना दिव्यांची जोडीही त्यात धरणे आवश्यक ठरते.

मोबाइलचा टॉर्च हातात धरून सायकल चालवण्याची सवय सर्वत्र आढळते. तिचे तीन दोष आहेत : एक हात ब्रेकवरून सुटतो, झोत स्थिर राहत नाही आणि मागून येणाऱ्याला काहीच दिसत नाही.

जोडणी आणि निगा

पुढच्या दिव्याचा झोत नीट लावण्यासाठी भिंतीचा उपयोग होतो. दिवा जमिनीपासून ९० सेंमी उंच असेल आणि झोताचा मध्य १० मीटरवर रस्त्याला टेकावा असे हवे असेल, तर ५ मीटर अंतरावरील भिंतीवर तो मध्य ४५ सेंमी उंचीवर, म्हणजे दिव्याच्या निम्म्या उंचीवर पडला पाहिजे. याहून वर रोखलेला झोत समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो व त्यालाच नव्हे, तर सायकलस्वारालाही धोक्यात टाकतो.

लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापलेला असताना चार्ज करू नये. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या केलेल्या सायकलीवरील दिवा काढून सावलीत ठेवणे हितकारक असते. भारनियमनाच्या भागात वीज असेल तेव्हा दिवा चार्ज करून ठेवावा आणि मागच्या दिव्यासाठी सुटे सेल बाळगावेत. काच व परावर्तक आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावेत. निघण्यापूर्वी सायकलच्या मागे जाऊन तांबडा दिवा पेटला आहे याची खात्री करावी, कारण चालू सायकलवरून तो पाहता येत नाही.