रक्तातील खूण आणि रोगाची मजल



उतारवयात लघवी अडू लागली की आपल्याकडे माणूस ते वयाच्या खात्यावर मांडून मोकळा होतो. केनवडसारख्या गावात रोजाने जाणारा तर मजुरी बुडेल म्हणून दवाखान्याची पायरी चढत नाही. पुष्कळदा ही तक्रार साध्या ग्रंथीवाढीची असते. पण कधी तिच्यामागे पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग असतो. हा रोग किती पुढे गेला ते रक्तावरून ओळखण्याची विद्या कशी घडली, ते आज पाहू. आम्ही डॉक्टर नव्हे, कामगारांत वावरलेली माणसे. वाचून समजले तेवढेच सांगतो.

१९३८ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर व एथेल गटमन या दांपत्याने दाखवून दिले की, हा रोग हाडांत पोचलेल्या रुग्णांच्या रक्तात अ‍ॅसिड फॉस्फटेज हे द्रव्य वाढते. १९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स व क्लॅरन्स हॉजेस यांना आढळले की, वृषणे काढली किंवा स्त्री-संप्रेरक दिले की ते प्रमाण उतरते. रोगाची चढउतार प्रथमच आकड्यात दिसली. हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९४१च्या फेब्रुवारीत मुंबईच्या गिरणगावात, परळला, टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले होते.

या खुणेत एक उणीव होती. रोग पसरल्यावरच ती बहुधा स्पष्ट दिसे. १९७९ साली बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत ग्रंथीतील पीएसए हे प्रथिन वेगळे काढण्यात आले. पुढच्याच वर्षी ते रक्तात मोजता आले. १९८७ साली स्टॅनफर्डच्या टॉमस स्टॅमी व सहकाऱ्यांनी दाखवले की, रोगाचा पसारा वाढतो तसा हा आकडाही वाढतो. मात्र तो साध्या ग्रंथीवाढीतही चढतो, जंतुसंसर्गातही चढतो; आणि काही उग्र रोगांत फारसा चढतही नाही.

अमेरिकेच्या औषध खात्याने १९८६ साली ही तपासणी रोग्यावर नजर ठेवण्यासाठी मान्य केली, तर १९९४ साली रोग हुडकण्यास साहाय्य म्हणून. ही दोन कामे निराळी आहेत. आज माणसे विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण निर्धास्त राहतात, ती या दोहोंची गल्लत झाल्याने.

बाजार समितीतला हमालही हे ओळखील. काट्यावर पोत्याचे वजन कळते. आतला माल कसा आहे, हे सळई खुपसून नमुना काढल्यावाचून कळत नाही. येथेही सुईने ग्रंथीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. त्याची उग्रता ठरविण्याची श्रेणी अमेरिकेच्या डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली मांडली. रक्तातला आकडा, ही श्रेणी आणि डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी, तिन्ही एकत्र पाहूनच रोगाची मजल ठरते.

म्हणून जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. एका आकड्यापेक्षा त्याची चाल अधिक सांगते. आणि आमच्या संघटनांनी बोनसबरोबर एक मागणी जोडावी: तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नये. ही विद्या ऐंशीहून अधिक वर्षांची आहे. परंतु रोजंदारीच्या माणसाला एक दिवस मोकळा मिळेपर्यंत ती त्याच्या दारी पोचत नाही.