तालमीतला हाडवैद्य

बडोद्याच्या प्रो. माणिकरावांचं नाव निघालं की संघव्यायाम, कवायत आणि ‘राजरत्न’ पदवी एवढंच सांगितलं जातं. पण जुम्मादादा व्यायाममंदिरात सगळेच काही जोर-बैठका मारायला येत नसत. माणिकराव नावाजलेले हाडवैद्यही होते. यात नवल नाही. कुस्तीत रोज कुणाचा तरी सांधा दुखावणार, तर तो बसवायची विद्याही तालमीतच साठणार. उसण भरली, मान आखडली की आधी वस्ताद, मग डॉक्टर, असा क्रम अनेक घरांत होता. (मानेला झटका देणाऱ्या हातांवर माझा मात्र विश्वास नाही.)

१९०७ ते १९१० मध्ये माणिकरावांकडे शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. बडोद्याच्याच इस्पितळात त्यांनी उड्डियान-नौलीचे परिणाम क्ष-किरणांनी तपासले, १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. भुजंगासन, शलभासन कागदावर आली, म्हणून टिकली. कमरेवर अंगठा कुठे ठेवायचा, किती दाबायचं, हे मात्र हातातून हातातच गेलं. इंजिनियरला त्या दाबाचा आकडा हवा असतो. बडोद्यातल्या ज्या घरांत अशा उपचारांच्या आठवणी आहेत, त्यांनी त्या आत्ताच लिहून काढाव्यात.