ब्रेस : एका पाहुण्या हत्याराचा इतिहास

खंडेनवमीस आपल्या ज्ञातीतील घरांत हत्यारे पुजावयास मांडली जातात, तेव्हा करवत, रंधा, पटाशी, वाकस, सामता यांच्या शेजारी पुष्कळ ठिकाणी वाकड्या दांड्याचा लोखंडी ब्रेसही मांडलेला आढळतो. बाकीची मंडळी वाडवडिलांपासूनची. हा एक मात्र परदेशातून आलेला पाहुणा होय. पाहुण्याचे कूळ विचारण्याची आपली जुनी रीत आहे. तिला अनुसरून या हत्याराची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भोक पाडण्याचे आपले जुने साधन सामता. कमानीची दोरी त्याच्या दांडीस वेढून कमान मागेपुढे ओढावयाची, हा त्याचा प्रकार. त्याची परंपरा फार प्राचीन आहे. इजिप्तमध्ये थीब्स येथील रेखमिरेच्या थडग्यात, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रांत, सुतार कमानीनेच भोक पाडताना दाखविले आहेत. परंतु कमान एकदा उजवीकडे फिरविते, एकदा डावीकडे. त्यामुळे तिचे पाते लाकूड खरडत खरडत जाते. लहान भोकास ते पुरते. तुळईस इंचभर रुंदीचे भोक पाडावयाचे झाल्यास कमानीचा उपयोग होत नाही. ब्रेसची गोष्ट निराळी. एक हात माथ्यावर दाब देतो, दुसरा मधला दांडा गोल फिरवितो, आणि पाते न थांबता एकाच दिशेने फिरत राहते.

ही युक्ती प्रथम कोणास सुचली, त्याचे नाव इतिहासास ठाऊक नाही. तथापि तिचे एक जुने चित्र उपलब्ध आहे. फ्लँडर्स प्रांतातील चित्रकार रॉबर्ट कँपिन याच्या चित्रशाळेत सुमारे १४२७ ते १४३२ या काळात एक तीन फळ्यांचे धार्मिक चित्र तयार झाले. ते सध्या न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात आहे. त्याच्या उजव्या फळीवर येशूचा पालक जोसेफ आपल्या दुकानात बसून ब्रेसने फळीस भोके पाडीत आहे. दांड्यास दोन्हीकडे बाक देऊन हाताच्या फेऱ्याचे अखंड भ्रमण करण्याची ही रचना युरोपात सर्वांआधी याच हत्यारात दिसते, असे यंत्रविद्येचे काही इतिहासकार मानतात. मोठमोठ्या यंत्रांतील वाकड्या आसाचा हा पूर्वज सुताराच्या हातातला आहे, याचे आम्हांस कौतुक वाटते.

पुढील चारशे वर्षे ब्रेस मुख्यत्वे लाकडाचाच राहिला. लाकडाचा बाक जेथे वळतो तेथे रेषा आडव्या जातात, आणि जोर पडताच तो नेमका तेथेच तडकतो. इंग्लंडातील शेफील्डच्या कारागिरांनी यावर बीच लाकडाच्या ब्रेसला पितळी पट्ट्या जडविल्या. पुढे विल्यम मार्पल्स यांच्या कारखान्याने सगळा सांगाडाच पितळेचा करून त्यात शिसवीसारखे काळे एबनी लाकूड भरले, व त्यास ‘अल्टिमेटम’ असे भारदस्त नाव दिले. आज संग्राहक ज्याच्यासाठी जीव टाकतात, तो हाच. तो देखणा आहे खरा. परंतु रोजच्या कामास त्याहून साधा लोखंडी ब्रेस आम्हांस अधिक पसंत आहे.

तो लोखंडी ब्रेस अमेरिकेने दिला. पात्याची चौकोनी निमुळती शेपटी घट्ट धरावयाची कशी, हा सारा प्रश्न होता. १८५९ साली स्पॉफर्ड याने चिरलेल्या खोबणीस अंगठ्याचा स्क्रू लावून तो सोडविला. १८६४ साली विल्यम बार्बर याने आट्यांचे कवच व त्यात दोन जबडे अशी रचना केली; कवच हाताने फिरविताच जबडे मिटतात. १८६८ साली स्थापन झालेल्या मिलर्स फॉल्स कंपनीने ती लोकप्रिय केली. त्यातच रॅचेटचा खटका आला, आणि पुरा फेरा घेण्यास जागा नसलेल्या कोपऱ्यातही भोक पाडणे सुलभ झाले. मुरड्या पात्यांत रसेल जेनिंग्ज याचे १८५५ चे पेटंट नामांकित आहे. पात्यांवरील आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा असतो. ८ म्हणजे अर्धा इंच.

१९१७ साली पिस्तुलाच्या मुठीच्या विजेच्या ड्रिलला अमेरिकेत पेटंट मिळाले, आणि ब्रेसचे दिवस हळूहळू सरत गेले. जुन्या वस्तू भंगारात जाऊ लागल्या. पेन्सिल्व्हेनियातील हेन्री मर्सर यांनी १८९७ सालीच हे ओळखले होते. भंगारवाल्याच्या ढिगात टाकून दिलेली हत्यारे पाहून ते ती गोळा करू लागले. त्यांच्या संग्रहालयाची इमारत १९१६ साली उघडली, आणि १९२९ साली सुतारांच्या जुन्या हत्यारांवर त्यांचा ग्रंथ निघाला. शेफील्डमध्ये केन हॉली (१९२७–२०१४) या हत्यारविक्रेत्याने बंद पडणाऱ्या कारखान्यांतून अर्धवट घडविलेले नगसुद्धा जमविले. तो संग्रह केलहॅम आयलंड संग्रहालयात आहे. इंग्लंडचे कारागीर हत्यारावर आपले नाव ठोकून ठेवीत. एकाच ब्रेसवर कारखानदाराच्या छापाशेजारी दोन-तीन मालकांची नावे सापडतात. ज्यांच्याविषयी एक ओळही कोठे लिहिली गेली नाही, त्यांचा तेवढाच पुरावा उरला आहे. आपल्या घरांतील पेट्या मात्र किलोच्या भावाने जात आहेत. आजोबांनी दांड्यावर कोरलेली खूण वजनकाट्यास कोठून दिसणार?

म्हणूनच जुना ब्रेस हाती आला तर त्याला नव्यासारखा चकचकीत करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गंजलेले भाग पातळ तेलात दोन दिवस भिजवावेत, आणि मग बारीक तारेच्या लोकरीने गंज तेवढा उतरवावा. निकेलचा मुलामा शिल्लक असेल तर तोही सांभाळावा. लाकडी माथा व मूठ यांस पॉलिशपेपर लावू नये. कित्येक वर्षांच्या तळहाताने आलेली झिलई त्याने जाते. फडक्याने पुसून उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हलका हात पुरे. ते तेलकट फडके मात्र चुरगाळून ठेवू नये, मोकळे पसरून वाळवावे. ते आपोआप पेट घेते. घेण्यापूर्वी दोन्ही जबडे जोडीचे आहेत ना, माथा डळमळत नाही ना, खटका दोन्ही बाजूंना धरतो ना, हे पाहावे.

पात्यास धार लावताना कडेची नखे आतल्या बाजूनेच घासावीत. बाहेरून घासल्यास त्यांचे वर्तुळ पात्याच्या अंगाहून लहान होते, आणि पाते भोकात अडकून बसते. दहा इंची फेऱ्याचा ब्रेस बहुतेक कामास पुरतो. जाड पात्यास बारा इंची घ्यावा, तो सावकाश चालतो पण जोर अधिक देतो. पात्याचे आट्यांचे टोक पलीकडे जरासे डोकावले की थांबावे, फळी उलटावी आणि त्याच बिंदूवरून उरलेले भोक पाडावे. लाकडाची कपची उडत नाही.