गढीखालचं धन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चुलतभावाचा फोन आला. सलाम-दुआ झाली आणि तो लगेच मुद्द्यावर आला. "भाई, मशीन किराये से मिलती. एक रात का काम है. तुम बस हां बोलो."

मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर, आणि काम म्हणजे आमच्या गढीत गुप्तधन शोधणं.

गढी तरी आता काय उरलीय? पणजोबांच्या काळात चार बुरूज उभे होते, असं अब्बा सांगायचे. आज दीड बुरूज आहे आणि बाकी पांढऱ्या मातीचा ढीग. ज्याला घराचं माळवद दुरुस्त करायचं असेल त्यानं तिथून गाडीभर माती न्यावी, ही गावाची जुनी रीत. कागदावर सतरा वारसांची नावं आहेत, त्यात एक माझं.

मी लगेच नाही म्हणालो नाही, हे कबूल करतो. भावाच्या डोक्यावर सोयाबीनच्या दोन बुडालेल्या हंगामांचं कर्ज आहे, मुलीची बारावी आहे. इतिहासाच्या गोष्टी सांगणाऱ्याचा पगार दर महिन्याला येतो, त्याचा येत नाही. "विचार करून सांगतो," म्हणालो.

विचार करताना मला इंग्लंडमधल्या रेंडलशम या गावाची हकीकत आठवत राहिली. सफोक परगण्यातलं हे छोटं खेडं. तिथं बनबरी या जुन्या घराण्याची इस्टेट आहे. 2007 च्या सुमारास मालकाच्या लक्षात आलं, की रात्री चोरून माणसं येतात, शेतात डिटेक्टर फिरवतात आणि खड्डे पाडून जातात. अशा चोरांना तिकडे 'नाइटहॉक' म्हणतात. मालकानं सफोक कौन्सिलच्या पुरातत्त्व विभागाला कळवलं. विभागानं गंमतच केली. चोर वापरत होते तेच यंत्र त्यांनी चार हौशी पण शिस्तीच्या माणसांच्या हाती दिलं आणि 2008 पासून दिवसाढवळ्या, परवानगीनं शोध सुरू केला.

ही माणसं काही वर्षं सुमारे दीडशे हेक्टर जमीन चालली. नियम दोनच. नांगरानं आधीच हललेल्या मातीच्या खाली हात घालायचा नाही, आणि जे सापडेल त्याची नेमकी जागा उपग्रहाच्या मदतीनं नोंदवायची. मग ते सोनं असो की गंजका तुकडा. हजारो वस्तू निघाल्या. फ्रान्सकडची सोन्याची नाणी होती, वजनं होती, पण त्यासोबत धातू ओतताना सांडलेले थेंब आणि अर्धवट घडवलेले दागिनेही होते. एकेकटा तुकडा भंगारवाला किलोवर घेईल असा. पण नकाशावर ते सगळे ठिपके मांडल्यावर कारागिरांची जागा, बाजाराची जागा, बड्या लोकांच्या वस्तीची जागा वेगवेगळी दिसू लागली.

इसवी सन 731 मध्ये बीड नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं (आपल्या बीड जिल्ह्याशी संबंध नाही) आपल्या इतिहासग्रंथात रेंडलशमला राजाचं ठाणं म्हटलं होतं. ते ठाणं नेमकं कुठं होतं, ते या ठिपक्यांनी दाखवलं. 1939 मध्ये जिथं जहाजासकट पुरलेल्या राजाचा खजिना निघाला, ते सटन हू तिथून फक्त सहा किलोमीटरवर. 2022 मध्ये रीतसर उत्खननात तेवीस मीटर लांबीच्या लाकडी राजसभागृहाच्या खुणाही मिळाल्या.

या गावाची आणखी एक जुनी नोंद आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथंच सुमारे साठ औंस वजनाचा चांदीचा मुकुट सापडला होता. ज्याला सापडला त्यानं तो विकला आणि तो वितळवला गेला. म्हणजे मुकुट मिळाला तेव्हा गावाच्या हाती चार पैसे आले असतील, इतिहास काही आला नाही. तो आला तीनशे वर्षांनी, धातूच्या थेंबांमधून.

हे वाचताना मला माझाच वर्ग आठवला. मला उर्दू येतं म्हणून मुलं जुनी नाणी वाचायला माझ्याकडे आणतात. एकदा सातवीतल्या एका मुलानं मूठभर नाणी टेबलावर ओतली. त्यात एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' लिहिलेली शिवराई होती, तिच्याच शेजारी निजामाच्या हैदराबादचं तांब्याचं 'दो पाई'. मी दोन्ही वाचून दाखवली. सगळ्या वर्गानं वाकून पाहिलं.

मग विचारलं, "कुठं सापडली?"

"माहीत नाही सर. आजीच्या डब्यात होती."

कोणतं नाणं शेतातलं, कोणतं गढीतलं, दोन्ही एकत्र सापडली की वेगवेगळी, हे कुणालाच सांगता येईना. ती एकत्र, एकाच थरात मिळाली असती तर दोन राज्यांची नाणी एकाच बाजारात चालल्याचा तो गावठी पुरावा ठरला असता. आता ती फक्त दोन जुनी नाणी आहेत.

भावाला कायदाही सांगितला. 1878 चा 'ट्रेझर ट्रोव्ह' कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कुणाचा मूळ हक्क सिद्ध झाला नाही तर शोधणारा आणि जागेचा मालक यांच्यात वाटणी होते, आणि सरकारला ते हवं असेल तर धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा देऊन घेता येतं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मतलब सोना नहीं निकला तो कुछ नहीं, और निकला तो कलेक्टर का?"

"सगळं कलेक्टरचं नाही रे," म्हणालो, पण त्यानं फोन ठेवला होता. त्याचा राग मला समजतो. मी त्याच्या कर्जाला उत्तर दिलं नव्हतं.

मागच्या महिन्यात गावी गेलो. उरलेल्या बुरुजाच्या पायथ्याशी दोन ताजे खड्डे होते. भाऊ शपथेवर सांगतो, मी नाही. माझा त्याच्यावर विश्वास आहे. खड्ड्याच्या कडेला मातीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि झिलई दिलेल्या भांड्याची एक खापरी पडली होती. खणणाऱ्यांनी ती फेकून दिली होती, कारण यंत्र काचेला वाजत नाही.

आम्ही दोघांनी मिळून ते तुकडे कागदावर मांडले, फोटो काढले. भावानं दोरीनं बुरुजापासूनचं अंतर मोजलं, मी तारीख लिहिली. ते कोणत्या थरातले हे आता कधीच कळणार नाही. निदान कोणत्या खड्ड्यातले, एवढं पिशवीवर लिहून ठेवलं आहे.